मीठ वाढणारा शामदा

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आम्ही रोज संध्याकाळी भेटायचो. समोर म्हशीची धार काढलेली असायची. फेस न उतरलेलं दूध ग्लासात घ्यायचं, उभ्याउभ्या प्यायचं आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत घरी जायचं, एवढाच कार्यक्रम. त्या दिवशी माझा ग्लास रिकामा झाला तरी शामदा आला नव्हता. मी मनातल्या मनात चिडलो. उशीर करणं हा त्याचा हक्क आणि चिडणं हा माझा, असं आमचं वर्षानुवर्षांचं चाललेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला आणि त्याचंच नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखं "कुठं मेलास रे?" असंच म्हणून तो कानाला लावला. पलीकडे मालूवहिनी होत्या, त्याची बायको. त्या म्हणाल्या, "ह्ये खरंच गेलं, सर."

दुपारी दुकानात मोटारीचं वायंडिंग करता करता त्यानं टेबलावर डोकं टेकलं होतं. जेवणानंतर तो अशी डुलकी काढायचाच, म्हणून शेजाऱ्यांनीही उठवलं नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात तो बीपी तपासून आला होता आणि आकडा चांगला आला म्हणून खुशीत होता. मला पेढे कबूल केले होते, ते राहिले. त्याला स्वतःच्या मरणावर बोलता आलं असतं, तर तो म्हणाला असता, व्होल्टेज बरोबर हुतं, मोटारच थकली. हे वाक्य माझ्या डोक्यात इतक्या वेळा त्याच्या आवाजात वाजलंय, की तो खरंच म्हणाला होता की काय, असं आता वाटायला लागलंय.

आमची ओळखसुद्धा मोटारीवरूनच झाली. मी गारगोटीच्या हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि कोल्हापुरात घर केलं. पहिल्याच उन्हाळ्यात घरचा पाण्याचा पंप जळाला. उद्यमनगरात विचारत विचारत शामदाच्या दुकानात गेलो. त्यानं पंप उघडला, वास घेतला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "पावणं, मोटार जळली न्हाय, तुमी जाळलीय." टाकीत पाणी नसताना मी पंप तासभर चालू ठेवला होता. मला राग आला. पण त्यानं पंप दुरुस्त करून स्वतः घरी आणून बसवला, चहा घेतला आणि जाताना विचारलं, "सर, मटण खाता न्हवं?" मी हो म्हटलं आणि त्याच महिन्यात त्याच्या रस्सा मंडळात जाऊन बसलो.

कोल्हापुरात दोन माणसं भेटली की चहा होतो आणि पाच भेटली की रस्सा मंडळ होतं. आमचं मंडळ महिन्यातून एका रविवारी पंचगंगेकडच्या एका मळ्यात जमायचं. सगळे पुरुष, आणि घरी पाण्याचा तांब्याही न उचलणारे हे लोक तिथं मात्र कांदा चिरायचे, खोबरं भाजायचे, चुलीपुढं डोळे चोळत बसायचे. कोणी काय करायचं यावर भांडणंही व्हायची. फक्त एका कामावर कधी भांडण झालं नाही. भांड्यात मीठ घालायचं ते शामदानंच. दहा हात मिठाला लागले की रस्सा खारट होतो, हा त्यामागचा व्यवहार होता, पण हळूहळू तो त्याचा मान झाला. तो मुठीनं मीठ घ्यायचा, कधी मोजायचा नाही. मग पळीनं तळहातावर रस्सा घेऊन चाखायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बसलं." तो शब्द ऐकू आला की पंगत मांडायची. मंडळाचा नियम असा, की भांडं एकच आणि पंगतही एकच. अपवाद फक्त लहान मुलांचा. कोणी मुलांना घेऊन आलं, तर मटणात तिखटमीठ पडायच्या आधीच थोडा रस त्यांच्यासाठी काढून ठेवायचा. त्यालाच आम्ही अळणी म्हणायचो.

शामदाला बीपी निघालं ते दुकानात एकदा चक्कर आली तेव्हा. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा पट्टा बांधून बघितलं आणि गोळी सुरू केली. मीठ निम्म्यावर आणा, पापड, लोणचं, खर्डा बंद, असं बजावलं. मी बरोबर होतो. बाईंनी नीट समजावलं, की मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, त्यानं रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. पोटॅशियम त्याच्या उलट, ते मूत्रपिंडांकडून मीठ बाहेर टाकून घेतं आणि रक्तवाहिन्याही थोड्या सैल करतं. म्हणून केळी, पालेभाज्या, डाळी, शहाळ्याचं पाणी घ्या. शामदा पोटॅशियम या शब्दापाशीच थांबला होता. त्याच्या भावाचा बिद्रीला ऊस आहे, आणि युरियानं ऊस वाढतो, पोटॅशनं भरतो, हे त्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. त्यानं विचारलं, "बाई, म्हंजी आपलं पोटॅशच न्हवं?" बाई हसल्या. म्हणाल्या, "जवळपास तेच. पण पोत्यातलं खाऊ नका."

तिथून पुढं शामदाचा प्रचारकच झाला. कट्ट्यावर दूध पिणाऱ्या अनोळखी माणसालाही तो बीपी समजावून सांगायचा, आणि सांगताना पंप, पाइप, व्हॉल्व्ह असं सगळं दुकान त्यात यायचं. "पायपात पाणी जास्त आन् पाइप आखडल्याला. पोटॅश काय करतंय, पाणी बी भाईर काढतंय आन् पाइप बी सैल सोडतंय." मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळं खरंखोटं करायला मी काही पुढं आलो नाही. त्याचं ऐकणं मला आवडायचं. कोणतीही नवी गोष्ट कळली, की ती दुसऱ्याला देऊन टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

पण रविवार आला आणि गंमत संपली. मंडळातल्या कोणीतरी प्रेमानंच म्हटलं, शामदासाठी आता अळणी काढून ठेवत जाऊ.  शामदानं सगळ्यांच्या भांड्यात नेहमीसारखं मीठ घातलं, चाखलं, "बसलं" म्हणाला. पंगतीत त्याच्यापुढं वेगळी वाटी आली. त्यानं ती बोटानं बाजूला सरकवली आणि भूक नाही म्हणून कोरडी भाकरी मोडत बसला. परतताना मी त्याच्या स्कूटरवर मागं होतो. रस्त्याच्या आवाजात तो पुढं बघूनच म्हणाला, "सर, आज मला लेकरांच्या पंगतीत बसवलं."  पुढच्या खेपेला तो आलाच नाही. पाहुण्यांचं लग्न आहे म्हणाला होता. मी सहज उद्यमनगरात गेलो, तर एकटाच दुकानात बसून तार गुंडाळत होता.

मग त्याला ते मीठ सापडलं. कमी सोडियमचं, ज्यात नेहमीच्या मिठातला बराचसा भाग काढून त्या जागी पोटॅशियमचं मीठ घातलेलं असतं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासून घेतलं, मूत्रपिंडं चांगली आहेत, तुम्हाला चालेल, पण बेतानं, असं सांगितलं. त्यातले "तुम्हाला" आणि "बेतानं" हे दोन्ही शब्द तो दवाखान्याच्या पायरीवरच विसरून आला. रविवारी तो पाकीट घेऊन मळ्यात हजर. तेच मीठ भांड्यात पडलं, सगळ्यांसाठी. रस्सा जरा कडवट लागला. मला राहवेना, मी तसं म्हटलंही, तर तो म्हणाला, चार रविवार थांबा, गोड लागंल. बाकी कोणी तोंडातून शब्द काढला नाही. शामदा आमच्या भांड्यातलं, आमच्या पंगतीत बसून, बोटं चाटून जेवत होता आणि तो तसा जेवताना बघून माझ्यासकट सगळ्यांना फार बरं वाटत होतं.

त्याचं बीपी खाली आलं. गोळीनं आलं, रंकाळ्यावरच्या फेऱ्यांनी आलं, लोणचं सुटलं म्हणून आलं, पण त्यानं सगळं श्रेय पोटॅशला देऊन टाकलं. आणि एका वाफ्याला मानवलं की सगळ्या शिवाराला टाकायचं, हा तर आमच्या उसाच्या मुलखाचा स्वभाव. तो घरोघरी पाकिटं पोचवायला लागला. सगळ्यांत जास्त आमच्या मंडळातल्या वसंताकडं. वसंता मूळचा शिरोळचा, शामदाच्या शेजारीच ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा. कोल्हापुरात राहूनही हळू बोलणारा मी पाहिलेला तो एकटाच माणूस. त्याला साखर होती, बीपीही होतं. शामदा सकाळी दुकान उघडताना त्याच्या गल्ल्यावर केळी ठेवायचा आणि दुपारी शहाळं फोडून आणायचा. वसंता काही न बोलता खायचा आणि प्यायचा.

एका सकाळी वसंताला स्वतःच्या दुकानाची पायरी चढता येईना. पायांतलं बळच गेलं, छातीत कसंतरी व्हायला लागलं. दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला गेलं, आणि तोवर मंडळ गोळा झालं. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाणं आमच्याकडं पाप, त्यामुळं प्रत्येकाच्या हातात शहाळं. खाटेखाली शहाळ्यांची रांग लागली. शामदानं एकाला स्ट्रॉ लावली आणि वसंताच्या मानेखाली हात घालून त्याला पाजायला लागला... तेवढ्यात तिथले तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन जवळजवळ पळतच आले आणि त्यांनी ते शहाळं शामदाच्या हातातून काढून घेतलं.

वसंताच्या रक्तात पोटॅशियम नको तितकं वाढलं होतं. साखरेनं त्याची मूत्रपिंडं आधीच कमजोर झालेली, त्यात त्याची बीपीची गोळी पोटॅशियम अंगात राखून ठेवणारी. जे आलं ते बाहेर जायला वाटच नव्हती. आणखी वाढलं तर हृदयाचे ठोके थांबतात, असं डॉक्टर म्हणाले. घरी मीठ कुठलं वापरता, हेही त्यांनी विचारलं. वसंताच्या बायकोनं पाकिटाचं वर्णन केलं. शामदाकडं मात्र तिनं बघितलं नाही, आणि ते न बघणं त्याला फार लागलं. वसंताला आत अतिदक्षता विभागात नेलं. शामदा बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "सर, बाई नगं म्हनल्या हुत्या. मी त्येला पोत्यातलं चारलं."  केसासारखी तार न तोडता गुंडाळणाऱ्या त्या हातांनी तो हातात राहिलेल्या स्ट्रॉचे तुकडे करत होता.

वसंता वाचला. इंजेक्शनं झाली, डायलिसिसवरही घ्यावं लागलं, पण वाचला. त्याला बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी शामदा माफी मागायची तयारी करून गेला होता. वाटेत मला दोनदा म्हणून दाखवलीही. पण वसंतानंच आधी तोंड उघडलं. मूत्रपिंडांचं त्याला ठाऊक होतं. बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं. केळी आणि शहाळं वर्ज्य, हेही त्याला सांगितलेलं होतं.  शामदाचा आवाज चढला.

"मग सांगाय काय झालतं तुला?"

वसंता नेहमीसारखा हळूच म्हणाला, "सांगितलं असतं तर माजी बी अळणी काढली असती की."

शामदा खाटेच्या कडेवर बसला, वसंताच्या पायांवर हात ठेवला आणि रडला. मी खिडकीकडं तोंड केलं, कारण मलाही आवरत नव्हतं. दोन मोठे बाप्ये, दोघांनाही एकाच वाटीची भीती, आणि एकानं दुसऱ्याला ती सांगितली नाही. आम्ही मराठी माणसं आजार सांगत नाही असं नाही, उलट फार सांगतो. पण पंगतीतून उठावं लागेल असा आजार मात्र गिळून टाकतो.

त्यानंतर शामदानं मिठाला हात लावायचा नाही असं ठरवलं. मंडळात यायचंही बंद केलं. आम्ही बरेच महिने त्याच्याशिवाय शिजवलं. कधी खारट, कधी मचूळ, आणि दर वेळी मीठ कुणी घातलं यावर तंटा. शेवटी वसंताच एका संध्याकाळी कट्ट्यावर आला. त्याला दूध मोजून प्यायचं होतं, म्हणून अर्धाच ग्लास घेतला आणि त्यानं आपलं म्हणणं मांडलं. मीठ नाहीतरी आपल्याकडं ताटात डाव्या बाजूला वाढतातच. मग ते भांड्यात घालायचंच कशाला? सगळं भांडं बिनमिठाचं शिजवू आणि ज्याला जेवढं झेपतं तेवढं त्याच्या ताटात वाढू. एवढं झाल्यावर तो शामदाकडं वळला. म्हणाला, "वाढायला मात्र तू पायजेस. दुसऱ्या कुणाच्या हाताचा मला भरवसा न्हाय."

शामदानं ग्लास खाली ठेवला. "म्हंजी सगळीच लेकरं म्हना की मग," असं म्हणाला आणि किती तरी महिन्यांनी हसला.

त्यानंतरची वर्षं माझ्या मते त्याची सगळ्यांत चांगली वर्षं. रस्सा वाढून झाला की शामदा झाकणाच्या दोन स्टीलच्या वाट्या घेऊन पंगतीत वाकत वाकत फिरायचा. एका वाटीत साधं मीठ, दुसरीत त्याचं स्वतःचं. गफलत होऊ नये म्हणून त्या दुसऱ्या वाटीच्या झाकणाला त्यानं तांब्याच्या तारेचा वेढा दिला होता, दुकानातल्याच. कुणाला किती, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. आता तो प्रत्येकाला डॉक्टरांनी काय सांगितलंय हे विचारूनच घ्यायचा आणि कोणी टाळाटाळ केली तर सरळ त्याच्या बायकोला फोन लावायचा. वसंताच्या ताटात साध्या मिठाचे चारदोन कण पडायचे. मग पंगतीच्या टोकाला पोचलेला शामदा तिथून परत यायचा आणि हातातली वाटी बघून खात्री करायचा. त्याच्यासाठी बटाटा करायचा असेल, तर तो स्वतः सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचा, म्हणजे पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. आणि स्वतः मात्र सालासकट भाजलेला बटाटा खायचा. "एकाच बटाट्याची दोन औषधं," म्हणायचा, आणि हे सांगताना त्याला दर वेळी नवल वाटायचं.

माझं बीपी आजवर सरळ वागलंय. स्वभाव वागलेला नाही, असं आमच्या घरात म्हणतात. मला मीठ जरा जास्त लागतं. त्यामुळं शामदा माझ्या ताटापाशी आला की मी म्हणायचो, "आणखी चिमूटभर." तो म्हणायचा, "बास की, सर." मग मी कुरकुरायचो आणि तो पुढं सरकायचा. हे दर महिन्याला झालं. मला ते मीठ खरंच हवं असायचं की ते दोन शब्द, याचा विचार मी तो असताना कधी केला नाही.

तो गेल्यावर मंडळ पहिल्यांदा जमलं ते गेल्या रविवारी. जमावं की नाही, यावरच आधी बरीच बोलाचाली झाली. मालूवहिनींनी निरोप पाठवला, की ह्यांना आवडलं असतं, जमा. निरोपाबरोबर त्या दोन वाट्याही आल्या, घासूनपुसून, मीठ भरून. तारेचा वेढा तसाच होता. वसंतानं त्या पिशवीतून काढल्या आणि चुलीजवळच्या दगडावर ठेवल्या, शामदा ठेवायचा तिथंच. भांडं ठरल्याप्रमाणं बिनमिठाचं शिजलं. चाखायचं कोणी नव्हतं, म्हणून अंदाजानंच उतरवलं. पंगत बसली. भाकरी आली, कांदा आला, तांबडा रस्सा वाढून झाला. सगळ्यांच्या ताटात डावीकडची जागा रिकामी होती.

आम्ही थांबलो. कोणीतरी उठेल असं प्रत्येकाला वाटत असावं. मी वसंताकडं बघितलं, वसंता ताटाकडं बघत होता. मग त्यानं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि जेवायला सुरुवात केली. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी. मीही. कोल्हापुरात मटणाच्या रश्श्याला मीठ नाही आणि पंगतीत एका तोंडातून शब्द नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. जिभेवर नुसतं तिखट आणि खोबरं, मधली ओळखीची चव कुठंच नाही... तरी आम्ही जेवलो, रस्सा मागून घेतला, भांडं रिकामं केलं. मी मीठ मागितलं नाही. बास की म्हणणारं कोणी नव्हतं.

भांडी घासून झाल्यावर वसंतानं दगडावरच्या दोन्ही वाट्या झाकण न उघडता पिशवीत ठेवल्या. पुढच्या खेपेला मीठ कोण वाढणार, हे अजून ठरलेलं नाही. कोणी विचारलेलंही नाही.